ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) वागण्याबद्दल तोंड उघडावं का? मदत हवी आहे

मुंबईत एका खासगी हॉस्पिटलमध्ये ओटी सिस्टर आहे. नाव सांगत नाही, कृपया अंदाजही बांधू नका.

आमच्या एका सीनियर सर्जनचा हात चांगला आहे, त्यात वादच नाही. पण टेबलवर पेशंट आला की तोंडाचा पट्टा सुरू. आरडाओरडा, ट्रेमध्ये आर्टरी (रक्तवाहिनी धरायचा चिमटा) आपटणं, हे मी आता धरतही नाही. मागे हर्नियाची केस होती. पन्नाशीच्या बाई, स्पायनलखाली, म्हणजे भूल कमरेखालीच आणि बाई पूर्ण जाग्या. मधे हिरवा पडदा, पलीकडे सर त्यांच्या वजनावरून विनोद करतायत, असिस्टंट खिदळतोय. मी डोक्याशी उभी. बाई छताकडे बघत होत्या आणि डोळ्यातलं पाणी ओघळून कानात चाललं होतं. भूलतज्ज्ञ मॅडमनी मोबाइलवरचं गाणं मोठं केलं, बास.

दुसरी गोष्ट मला जास्त छळते. पोट बंद करायच्या आधी मॉप (रक्त टिपायचे कापडी पॅड), सुया मोजायच्या असतात, तोच काउंट. डब्ल्यूएचओची सुरक्षित ऑपरेशनची चेकलिस्ट आमच्याकडे लॅमिनेट करून भिंतीवर आहे (एनएबीएचवाले, म्हणजे हॉस्पिटलला दर्जाचं मानांकन देणारे, येणार असले की पुसली जाते). दिवसाच्या ऑपरेशनांची लिस्ट लांबली की सर म्हणतात, "सिस्टर, बरोबरच असणार, टिक करा." हुकूम त्यांचा, सही माझी. उद्या कुणाच्या पोटात मॉप निघाला तर फायलीत नाव कोणाचं?

मेट्रनना सांगून पाहिलं. "सरांच्या केसेसवर हॉस्पिटल चालतं गं, तू तुझं काम कर." सर्टिफिकेटं एचआरकडे अडकलीत, घराचा हप्ता आहे. नवरा म्हणतो दुसरीकडे बघ.

लेखी द्यावं का? कोणाला? निनावी चालेल? "डॉक्टर म्हणजे देव" आणि "सगळे कसाई" हे दोन्ही प्रतिसाद नकोत.

परळची_मावशी: पालिकेच्या हॉस्पिटलात ओटी इन्चार्ज होते. दोन्ही गोष्टी एका कागदावर आणू नकोस, काउंटचं आधी घे. न मोजता टिक नाही, हे उद्यापासूनच. "सर, काउंट व्हायचाय" असं मोठ्याने म्हण, भूलतज्ज्ञाला ऐकू जाईल असं. जुळला नाही तर टेबलवरच एक्स-रे मागायचा. मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा असतो तो कशासाठी? चिडतील. चिडू देत.

कायद्याचं_बोला: विनोद लैंगिक स्वरूपाचे असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा लागतो. १० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. तक्रारदार बाई तिथे नोकरीला असलीच पाहिजे असं नाही, पेशंटही तक्रार करू शकते. मुदत तीन महिने. नुसते वजनावरचे टोमणे त्यात बसवणं कठीण. पण डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत, सहकाऱ्याचं अनैतिक वर्तन न घाबरता उघड करावं असं कलम आहे. म्हणजे त्या गाणं मोठं करणाऱ्या मॅडमची जबाबदारी तुमच्याइतकीच आहे. आधी वैद्यकीय संचालकांना लेखी द्या, पोच घ्या. महाराष्ट्र वैद्यक परिषद त्यानंतर. निनावी पत्र माझ्या मते वाया जातं.

धागाकर्ती: मॅडमशी सोमवारी लिस्ट लागायच्या आधी बोलते. एक विचारू? "काउंट करू दिला नाही" असं फॉर्मवर लिहिता येतं का? आमच्याकडे तसा रकानाच नाही.

परळची_मावशी: शेऱ्यात लिही. वेळ घाल, खाली सही कर. आणि मॅडमनाही तिथेच सही करायला सांग.