गझलवर्ग सोडू का? रविवारच्या आत सांगा

अर्धमात्रा: सरांनी माझी गझल चौथ्यांदा परत पाठवली. शेरा एकच, "चूक आहे. शोधा." चूक कुठे हे ते सांगत नाहीत आणि वर्गात दुसऱ्या कुणालाही सांगू देत नाहीत. शिवाय सहा महिने मुक्तछंद बंद, त्यांना दाखवल्याशिवाय फेसबुकवर काही टाकायचं नाही, कॅमेरा बंद दिसला की गैरहजेरी. जुने तिघे काहीही वाचोत, "वाह, क्या बात!" माझ्या वेळी सगळे म्यूट. मात्रा दहादा मोजल्यात. काय करू?

खडीसाखर: वृत्त कोणतं? ओळी कुठायत? डॉक्टरला फोनवरून पोट दाखवताय.

मुक्तछंदी: सोडा तो वर्ग. कविता अशी फूटपट्टीने मोजून येत नसते.

जुना_वऱ्हाडी: गझलेच्या धाग्यावर फूटपट्टीची तक्रार! भाऊ, इथं फूटपट्टी लागतेच. ताई, सुरेश भटांची 'गझलेची बाराखडी' वाचली का?

अर्धमात्रा: वाचली. वृत्त भुजंगप्रयात आहे. हा मतला, म्हणजे पहिल्या दोन ओळी:
तुझ्या अंगणी चांदणे सांडलेले
घराने कुणाशी पुन्हा भांडलेले

शास्त्रीबुवा: पहिल्याच अक्षराला घसरलात. 'झ्या' जोडाक्षर, म्हणून 'तु' गुरू, दोन मात्रांचा. 'पुन्हा'तही तेच.

खडीसाखर: अहो, आघात कुठे पडतोय? 'सत्य' म्हणताना 'स' दाबला जातो, 'तुझ्या'तला 'तु' नाही. मराठीत 'तुझ्या' आणि 'पुन्हा' दोन्ही लगा, आधी लघु मग गुरू. मनाच्या श्लोकांच्या चालीत म्हणून बघा, दोन्ही ओळी सरळ जातात.

शास्त्रीबुवा: नियम तो नियम. माधव जूलियनांची 'छंदोरचना' उघडा. १९३८ साली डी.लिट. मिळाली त्यांना त्यावर.

खडीसाखर: डी.लिट.चा 'तुझ्या'शी काय संबंध?

पहिलाच_संग्रह: ताई, साठेक गझला झाल्या की संग्रह काढा. आयएसबीएन कसा घ्यायचा ते मी सांगेन.

जुना_वऱ्हाडी: साठ? इथं दोन ओळींवर चार आठवडे गेलेत. ताई, मतला चोख आहे. पुढचे शेर दाखवा, मला काफियाचा, म्हणजे यमकाचा संशय येतो.

अर्धमात्रा: पण त्यातही मात्रा बरोबर आहेत!
कुणाला विचारू कुठे गाव माझे
दिवे सर्व वाटेत या थांबलेले

जुना_वऱ्हाडी: सापडलं. मात्रा मोजणं थांबवा आता. मतल्यात सांडलेले-भांडलेले घेतलंत, म्हणजे 'डलेले' ही अक्षरं प्रत्येक शेरासाठी बांधली गेली आणि त्याआधीचा स्वर 'आं' झाला अलामत, तोही टिकवावा लागतो. आता मांडलेले, ओलांडलेले चालेल. कोंडलेले चालणार नाही, अलामत मोडते. थांबलेले तर नाहीच, 'ड'च गेला.

अर्धमात्रा: अरे देवा. मग तो शेर काढू? सगळ्यात आवडता तोच आहे.

जुना_वऱ्हाडी: शेर राहू द्या, मतला सैल करा. एका ओळीत सांडलेले, दुसरीत थांबलेले घ्या. मग फक्त 'लेले' बांधलं जातं, अलामत राहते 'अ'. वाकलेले, पेटलेले, सगळं मोकळं.

मुक्तछंदी: हेच त्या सरांनी एका वाक्यात सांगितलं असतं तर? महिना वाया.

खडीसाखर: इथे मात्र पटलं. आणि अर्धमात्रा, दाद न मिळण्याचं म्हणाल तर तुम्ही स्वतः त्या तिघांना कधी दाद दिलीत का? आमच्या वर्गात मी चार महिने तोंड मिटून बसले होते आणि वर रुसलेही होते.

अर्धमात्रा: ...नाही दिली. पण त्यातल्या एकाचे शेर खरंच पडेल असतात हो.
बरं, नियमाप्रमाणे चूक मीच शोधायची होती. रविवारी काय सांगू?

जुना_वऱ्हाडी: खरं सांगा.

मुक्तछंदी: अजिबात सांगू नका.

पहिलाच_संग्रह: मुखपृष्ठासाठी कुणी चित्रकार हवा असेल तर खासगी निरोप करा.