मर्दानी खेळाचा सराव प्रत्यक्ष स्वसंरक्षणासाठी कसा वळवावा? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

कोल्हापुरातील एका पेठेतल्या मर्दानी खेळाच्या पथकात मी लहानपणापासून लाठी, दांडपट्टा आणि फरी-गदगा शिकले असून आता तिथेच वस्तादांच्या हाताखाली शाळा-कॉलेजच्या मुलींना लाठी शिकवते. बहुतेक पालक मुलींना आमच्याकडे पाठवतात ते स्वसंरक्षणासाठी. आमच्या शिकवण्याने तो हेतू कितपत साधतो, याचे प्रामाणिक उत्तर मला त्यांना देता यायला हवे, म्हणून हा धागा काढत आहे.

माझी मुख्य अडचण अशी आहे. शिवजयंतीला किंवा दसऱ्याला सादर होणारी लढत पाहणाऱ्याला कितीही अटीतटीची वाटली, तरी तिच्यातला पुढचा वार कोणता आणि तो कुठे अडवायचा हे दोघांनाही आधीपासून ठाऊक असते. शस्त्र खरे असल्यामुळे ते तसे असणे आवश्यकही आहे. परंतु रस्त्यावर हल्ला करणारा माणूस पवित्रा घेऊन समोर उभा राहत नाही. तो मागून येतो, मनगट किंवा केस धरतो, भिंतीकडे ढकलतो, आणि त्या वेळी लाठी फिरवायला लागणारे अंतर तर नसतेच, बहुधा हातात लाठीही नसते. आमच्या खेळांपैकी फरी-गदग्यातच समोरच्याचा वार खरोखर अनपेक्षित असतो, कारण तिथे चामड्याने मढवलेली काठी आणि छोटी ढाल घेऊन मोकळेपणाने खेळता येते. दुर्दैवाने प्रेक्षकांना तो दांडपट्ट्याइतका आकर्षक वाटत नाही, त्यामुळे त्याचा सरावही कमी होतो. हे मला मनापासून खटकते.

या शिक्षणातून काहीच हाती लागत नाही, असे मी मुळीच म्हणणार नाही. वाराच्या रेषेतून तिरके बाहेर पडणारे पाऊल, समोरच्याच्या खांद्यांवर ठेवलेली नजर, दमल्यावरही न ढळणारा तोल, आणि समोरच्याचा हात आपल्यापर्यंत पोहोचेल की नाही याचा अंदाज, हे सगळे शस्त्राशिवायही उपयोगी पडते. मात्र धक्काबुक्कीत भीतीने छाती धडधडत असताना हे पाऊल आपोआप पडेल, अशी खात्री मला सध्याच्या सरावावरून देता येत नाही.

आपल्याकडच्या कुस्तीत ही उणीव नाही, कारण पैलवान रोज जोडीदाराच्या पूर्ण ताकदीविरुद्ध लढतो. म्हणून पकड सोडवणे, खाली पडल्यावर उठणे आणि मागून घातलेली मिठी तोडणे एवढा भाग मुलींसाठी कुस्तीतून घ्यावा, असे माझ्या मनात आहे. ढाक किंवा धोबीपछाडीसारखे समोरच्याला जमिनीवर पाडणारे डाव शिकवावेत का, याविषयी मात्र मी साशंक आहे. आखाड्यातल्या मऊ लाल मातीवर जो डाव निर्धोक ठरतो, तोच काँक्रीटवर टाकला आणि डोके आपटले तर जीव जाऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क दिला आहे. पण बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही, हेही कलम ३७ मध्ये सांगितले आहे. ही मर्यादा मुलींना सांगताना ऐन प्रसंगी त्यांचा हातच आखडू नये, याचीही मला काळजी वाटते.

ज्यांनी मर्दानी खेळ, कुस्ती, ज्युदो किंवा कराटे शिकवले आहे, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी स्वतःच्या वर्गातला अनुभव सांगावा. समोरचा खरा विरोध करत असताना सराव घ्यायचा, तर पूर्ण ताकदीपर्यंत किती टप्प्यांनी जावे, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलींच्या बाबतीत कुठे थांबावे? ओरडणे, पळून जाणे आणि ११२ वर फोन करणे यांचा सराव तुम्ही डावांइतक्याच गांभीर्याने घेता का, की तो तोंडी सूचनांवरच राहतो? आणि छत्री किंवा पिशवी हातात असताना लाठीचे कोणते हात खरोखर उपयोगी पडतात, हे कोणी जोडीदाराबरोबर करून पाहिले आहे का?

वस्तादांशी या विषयावर माझे बोलणे झाले आहे. खेळाची परंपरागत मांडणी न बदलता शेवटचा अर्धा तास अशा सरावाला देण्यास त्यांची संमती आहे. त्या अर्ध्या तासात काय घ्यावे आणि काय मुळीच घेऊ नये, हे कृपया सविस्तर लिहावे.