शब्दचर्चा: फळमाशीच्या 'शत्रूंचे एकत्रीकरण' आणि 'परोपजीवी'

दुधीभोपळा
केनियातल्या आंबा बागायतदारांसाठीची एक पत्रिका मराठीत आणतोय. विषय: फळमाशीचे नैसर्गिक शत्रू एकत्र वापरणे. मसुद्यातलं वाक्य असं: 'नैसर्गिक शत्रूंचे एकत्रीकरण करून बागेत परोपजीवी गांधीलमाश्या सोडाव्यात.' तपासणाऱ्यांनी तीन रेघा मारल्या. शत्रू कोणाचे? गांधीलमाश्या कोण सोडेल? आणि 'परोपजीवी' म्हणजे जंत-गोचीड ना?

चिमटा
पहिल्याचं उत्तर तयार आहे, मित्रकीटक. कृषी विद्यापीठांच्या पत्रकांमुळे तो रुळलाय. गांधीलमाशी काढाच. पत्रिकेतली परोपजीवी, फोपियस अरिसानस, पाच मिलिमीटरच्या आतबाहेर असते आणि माणसाला डसत नाही. मागे लांब सुईसारखं दिसतं ती अंडी घालायची नळी.

उंबराचंफूल
संतवाङ्मयात शब्द आहे की, भिंगुरटी! अळी भिंगुरटीच्या ध्यासाने भिंगुरटीच होते, तो कीटक-भ्रमर न्याय. अळीतून तिची जात न निघता भिंगुरटी निघते हे आपल्याकडे कधीच पाहिलं गेलं होतं. कोषातून फळमाशीऐवजी फोपियस निघते, म्हणजे तेच. मग अशा यजमानाला मारणाऱ्या परोपजीवीसाठी हिंदीतून 'परजीव्याभ' कशाला उसना आणायचा?

साडेतीन_आणे
तेच नाही. भिंगुरटी म्हणजे कुंभारीण. ती अळीला डंख मारून लुळी करते, मातीच्या घरट्यात साठवते आणि तिच्यावर अंडं घालते. फोपियसला घरटं नसतं. ती फळाच्या सालीखालच्या माशीच्या अंड्यातच आपलं अंडं ठेवते. अंडं फुटतं, अळी गर खाते, वाढते, मातीत कोषात जाते, आणि मग त्या कोषातून फोपियस बाहेर पडते. म्हणून पत्रिकेत 'अंडी नष्ट करते' लिहू नका. अळी पडलीच, त्या फळाचं नुकसान झालंच. फायदा पुढच्या पिढीत माश्या कमी होण्याचा. हे न सांगितल्यामुळेच 'सोडल्या तरी आंबे किडलेच' अशी ओरड होते.

'परोपजीवी' अपुरा आहे हे मान्य. बांडगूळ झाडाला लगेच मारत नाही, ही मारतेच. मी 'यजमानघाती परोपजीवी' लिहीन, यजमान म्हणजे जिच्यावर ती जगते ती माशी.

चिमटा
यजमानघाती! सत्यनारायणाला बसलेल्या माणसाची आठवण येते. परोपजीवीच ठेवा आणि पहिल्या वापरात एका वाक्यात खुलासा करा. शब्द वापराने घडतो, व्याकरणाने नाही.

उंबराचंफूल
असंच म्हणत म्हणत 'स्प्रे मारणे' घडला. असो.

दुधीभोपळा
आणि 'एकत्रीकरण'? त्याचं राहिलंच.

साडेतीन_आणे
तो शब्द शास्त्रानेच चुकतो. एकत्र ओतायचं नाहीये, टप्पे वाटून द्यायचेत. फोपियस अंड्यावर. डायाकॅस्मिमॉर्फा लाँगिकॉडाटा ही दुसरी परोपजीवी मोठ्या अळीवर, बहुधा पडलेल्या फळात. दोन्हींची अंडी एकाच अळीत पडली तर आधीपासून आत बसलेली फोपियस सहसा जिंकते. हवाईत हेच घडलं. 1940च्या दशकाच्या अखेरीस लाँगिकॉडाटा आधी पसरली, मग फोपियस वॅंडेनबॉशी ही अरिसानसची बहीण पुढे गेली, आणि 1950च्या सुमारास अरिसानसने दोघींना मागे टाकलं. तेव्हा अरिसानसचं नाव ओपियस ऊफिलस होतं, म्हणजे अंडंप्रेमी. शब्दवेड्यांसाठी एवढं पुरे.

तिसरा गडी विणकर मुंग्या. आफ्रिकेतल्या एकोफायला लाँगिनोडा फळावर फिरल्या की त्यांच्या वासामुळे माशी अंडी घालायला कचरते. पण त्याच मुंग्या फोपियसलाही फळावर बसू देत नाहीत. म्हणून एकाच झाडावर दोन्ही ठेवून बेरीज होईल असं धरू नका. मी 'टप्पेवार सांगड' लिहीन.

चिमटा
सांगड म्हणजे दोन होड्या बांधणं. तुम्ही तर त्या वेगळ्या ठेवा म्हणताय. 'पाळी लावणे' बरं.

दुधीभोपळा
पत्रिकेत एक तंबूही आहे, 'ऑगमेंटोरियम'. त्याला काय म्हणू?

साडेतीन_आणे
पडलेली फळं आत टाकायची. जाळीचं भोक माशीच्या छातीपेक्षा लहान पण फोपियस निसटेल एवढं. आधी दोन्ही मेलेले नमुने जाळीवर धरून बघा. बाकी कापड घट्ट विणीचं. तळ शिवलेला हवा, नाहीतर अळ्या उड्या मारून बाहेर मातीत जातात. तळाला वाळू घाला, कोषात जायला. पाणी साचलं तर कोष कुजतात. फळं आठवड्यातून दोनदा वेचा, त्याहून उशीर झाला तर अळ्या आधीच निघून गेलेल्या असतात. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे आतल्या माश्या मेल्या की तंबू रिकामा करणं. माश्या आधी निघतात, परोपजीवी काही दिवसांनी. शेवटची फळं टाकल्यावर चार आठवडे थांबा. फळं दोन फूट पुरली तर माशीसोबत तेही मरतात, म्हणून तर तंबू.

चिमटा
'मित्रतंबू'.

उंबराचंफूल
वाढवण्यावरून 'वर्धनघर'. तंबूला घर म्हणायला हरकत आहे का कुणाची?

तळकोकण
'विणकर मुंग्या' हा अनुवादी शब्द आहे. त्यांच्या आशियाई बहिणीला आमच्याकडे ओंबील म्हणतात.

कातळशिल्प
ओंबील नाही, हुमले. आणि दोन वसाहतींच्या झाडांच्या फांद्या टेकू देऊ नका हे लिहा, लढून मरतात. एकाच वसाहतीची झाडं असतील तर मात्र दोरीने जोडून द्या.

तळकोकण
हुमले म्हणजे नेमकी हीच का? दक्षिणेकडे दुसरी कुठली तांबडी मुंगीही त्याच नावाने चालते.

उंबराचंफूल
'ओंबील'चा 'ओंबी'शी संबंध असावा काय? झाडावर पानांचा गुच्छ, ओंबीसारखा.

साडेतीन_आणे
ओंबी गव्हाची असते, राव.