हाइसमन खरी कुणाची होती? (अनुभव धागा)

अ‍ॅनआर्बरकर
मंडळी, डिसेंबरचा दुसरा शनिवार जवळ आला की अमेरिकेतल्या कॉलेजगावांत एकच वाद रंगतो: यंदा हाइसमन कुणाला? कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला १९३५पासून हा मान मिळतो. मत देतात ते क्रीडापत्रकार आणि जुने विजेते. चाहत्यांचं सगळ्यांचं मिळून एक मत. मतपत्रिकेवर तीन नावं, पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १. शिक्षणाच्या, नोकरीच्या निमित्ताने आपल्यातले कितीतरी जण अशा गावांत राहिले आहेत. तुमच्या गावातल्या कुणावर अन्याय झाला, किंवा कुणाला मिळाली ते अगदी योग्य झालं, मनमोकळं लिहा.

सुरुवात मी करतो. १९९७ साली मी मिशिगनला एमएस करत होतो. चार्ल्स वुडसन हा बचावफळीतला खेळाडू, कॉर्नरबॅक. ओहायो स्टेटविरुद्ध त्याने पंट (त्यांनी लाथेने लांब मारलेला चेंडू) झेलून ७८ यार्ड धाव घेतली, थेट त्यांच्या टोकापर्यंत नेऊन टचडाउन केला, आणि त्याच सामन्यात आपल्या एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात) त्यांचा पासही अडवून पकडला. मुख्यतः बचाव करणाऱ्याला हाइसमन मिळण्याची ती पहिलीच वेळ. ती त्याचीच होती.

नॉक्सव्हिलची सून
दादा, इथे टेनेसीत हे वाक्य उच्चारायची सोय नाही! पेटन मॅनिंगला शेवटच्या वर्षाआधीच एनएफएलचे, म्हणजे व्यावसायिक लीगचे, दरवाजे उघडे होते, तरी तो कॉलेजला थांबला आणि टेनेसीला एसईसी या कॉन्फरन्सचं (विद्यापीठांच्या गटाचं) विजेतेपद मिळवून दिलं. गुण पडले १,८१५ विरुद्ध १,५४३. माझे सासरे आजही तो विषय निघाला की उठून जातात. वुडसन मोठा खेळाडू, मान्य. पण एका गाजलेल्या सामन्याने चार वर्षांचं काम झाकलं जाऊ नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

लिंकनवासी
माझा खेळाडू न्दामुकाँग सू, नेब्रास्का, २००९.

लिंकनमध्ये शनिवारी अख्खं गाव लाल कपडे घालतं. मेमोरियल स्टेडियमची तिकिटं १९६२पासून दर सामन्याला संपतात. मी तिथे पीएचडीला होतो, खेळाचा ओ की ठो माहीत नव्हता. प्रयोगशाळेतल्या सोबत्यांनी एकच शिकवलं: चेंडूकडे बघू नकोस, ९३ नंबरकडे बघ. तो डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे समोरच्यांची भिंत फोडून आत शिरणारा. या जागेवरच्या माणसाचं नाव समालोचकसुद्धा क्वचित घेतात, कारण दोन-दोन जण त्याला अडवत असतात आणि त्यातून मोकळा झालेला साथीदार भाव खाऊन जातो.

आमच्या बिग १२ कॉन्फरन्सचा अंतिम सामना टेक्ससशी होता. कोल्ट मकॉय हा त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून हल्ला चालवणारा, स्वतः हाइसमनचा दावेदार. सूने त्याच्या साडेचार सॅक घेतल्या, म्हणजे चेंडू हातातून सुटायच्या आत त्याला आडवं केलं. एकदा तर धरून फिरवून टाकला. वेळ संपली असं वाटलं, घड्याळात एक सेकंद परत घातला, टेक्ससने फील्ड गोल (लाथेने खांबांमधून मारलेला, ३ गुणांचा) मारला आणि १३-१२ने जिंकले. आमच्या खोलीत कुणी बोललं नाही.

पुढच्या आठवड्यात निकाल: अलाबामाचा मार्क इंग्रम १,३०४, स्टॅनफर्डचा टोबी गेरहार्ट १,२७६, मग मकॉय, आणि चौथा सू! २८ गुणांचा तो फरक तोवरचा सगळ्यात कमी, म्हणून सगळे इंग्रम-गेरहार्टवर भांडतात. मला त्या भांडणात रस नाही. ज्याने मकॉयला त्या सामन्यात दिवसभर लोळवलं, तो मकॉयच्याही मागे कसा? असोसिएटेड प्रेसने त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून सूलाच निवडलं. हाइसमनवाल्यांचं लक्ष मात्र चेंडू ज्याच्या हातात, त्याच्यावर.

सिरॅक्यूज
इथली जुनी माणसं १९५६वर अडून आहेत. जिम ब्राउनने कोलगेटविरुद्ध एकट्याने ४३ गुण केले, मतदानात पाचवा. हाइसमन गेली नोत्र दामच्या पॉल हॉर्नंगला, ज्याचा संघ त्या मोसमात २-८ होता. ब्राउन कृष्णवर्णीय होता, हे वगळून त्या निकालाकडे बघता येत नाही. पाच वर्षांनी इथलाच, त्याच ४४ नंबरचा अर्नी डेव्हिस पहिला कृष्णवर्णीय विजेता ठरला. लिंकनवासी, सूबद्दल +१.

ऑस्टिनचा आजोबा
२००५. यूएससीच्या रेजी बुशला मिळाली, आमच्या टेक्ससचा व्हिन्स यंग दुसरा. जानेवारीत रोझ बोल या मोसमाअखेरच्या सामन्यात दोघे समोरासमोर आले आणि टेक्ससने यूएससीला ४१-३८ हरवलं. यंगने धावून २०० यार्ड आणि पासने २६७ केले. मतदान बोल सामन्यांनंतर घ्या, एवढीच माझी मागणी आहे.

बॉइझीची मेघना
२०२४. अ‍ॅश्टन जेंटी. चिप कारखान्यातली नोकरी म्हणून आम्ही आयडाहोत आलो आणि निळ्या मैदानावरचा हा मुलगा घरातला झाला. खेळी सुरू होण्याआधी बाकीचे रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे) वाकून उभे राहतात. हा हात खाली सोडून सरळ उभा, बसची वाट बघत असल्यासारखा. मग चेंडू हातात आला की चार जण अंगावर घेऊन पुढे. मतदानाच्या दिवशी त्याचे धावून २,४९७ यार्ड झाले होते. बॉइझी स्टेट छोट्या कॉन्फरन्सचा संघ, म्हणून त्याचे यार्ड स्वस्त धरले. पण ओरेगनसारख्या बलाढ्य संघाविरुद्धही त्याने १९२ केले होते.

बोल्डर
मेघनाताई, यार्ड स्वस्त नव्हते. पण ज्याला ती मिळाली तो आमच्या कोलोरॅडोचा ट्रॅव्हिस हंटर बहुतेक सामन्यांत शंभराहून जास्त खेळी खेळला, हल्ल्यातही आणि बचावातही. सर्वोत्तम रिसिव्हरचा (पास झेलणाऱ्याचा) बिलेटनिकॉफ आणि सर्वोत्तम बचावपटूचा बेडनारिक, दोन्ही एकाच वर्षी त्याला मिळाले. बेलरविरुद्ध ओव्हरटाइममध्ये गोललाइनवर समोरच्याच्या हातून चेंडू पाडून सामना वाचवला, तेव्हा मी स्टँडमध्ये होतो. लिंकनवासींची तक्रार बचाव कुणी मोजत नाही ही आहे ना? यावेळी मोजला.

बॉइझीची मेघना
ते मला पटतं. सूवरचं वाचून तर आणखीच. तरी माझं मत जेंटीलाच. हंटरकडे दोन कामं होती. जेंटीकडे एकच होतं, आणि ते तो करणार हे समोरच्या अकरा जणांना आधीच माहीत असायचं. पेन स्टेटने शेवटी त्याला १०४वर रोखलं, बॅरी सँडर्सचा एका मोसमात धावण्याचा १९८८चा विक्रम २७ यार्डांनी राहिला. विक्रम सँडर्सचाच राहू दे, त्याने तो ११ सामन्यांत केला होता आणि जेंटीला १४ मिळाले. २०२४ची हाइसमन मात्र आयडाहोत यायला हवी होती.