काल्पनिक जगाचा नकाशा: आधी प्लेट्स की आधी गोष्ट?

खाडीकाठ (कळवा)

गेल्या रविवारी आम्ही चार-पाच नकाशावेडे तलावपाळीला जमलो होतो. प्रत्येकाने आपापल्या काल्पनिक जगाचा नकाशा आणला होता. माझा बघून एक मित्र म्हणाला, "सव्वा वर्ष झालं, अजून तू जमिनीच्या प्लेट्सच सरकवतोयस. समुद्राच्या तळाचं वय वाचक विचारणार आहे का?" वाद रंगला, पण अंधार पडला आणि तो अर्धाच राहिला. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. जग नव्याने उभं करायचं असेल तर प्लेट्स, म्हणजे जमीन आणि समुद्रतळ ज्यांवर असतात ते सरकणारे प्रचंड तुकडे, आधी हव्यात. किनारे, डोंगर, राज्यं सगळं त्यानंतर.

माझ्या पहिल्या नकाशात दोन राज्यांमध्ये भांडण हवं होतं म्हणून मध्ये डोंगररांग काढली होती. राजधानी जळायला हवी होती म्हणून शेजारी ज्वालामुखी ठेवला होता. नकाशा देखणा होता, पण कुठेही बोट ठेवलं तरी "हे इथं का?" याचं उत्तर एकच येई: मला हवं होतं म्हणून. काही महिन्यांनी त्यात मलाच शोधायला काही उरलं नाही.

मग घरातला जुना पृथ्वीगोल काढला, त्यावर पांढरा कागद चिकटवला आणि बटर पेपरचे सहा तुकडे कापले. पहिल्याच दिवशी एक गोष्ट हाताला कळली, जी वाचून कधी नीट कळली नव्हती. गोलावर तुकडा सरळ पुढे ढकलता येत नाही. तो कुठल्यातरी एका बिंदूभोवती फिरतो. मी तिथे टाचणी टोचली आणि तुकडा हळूहळू फिरवला. टाचणीजवळची कड जेमतेम हलली, लांबची कड चार बोटं सरकली. दोन तुकड्यांमध्ये पाचरीसारखी फट पडली, एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्या टोकाला रुंद. तेच माझं सावर-आखात. (माझ्या खंडांना झाडांची नावं आहेत: पळस, खैर, सावर.) स्पेन-पोर्तुगालचा भूभाग असाच फिरला आणि फ्रान्सच्या कुशीत बिस्केचा उपसागर उघडला. नुसता विचार करत बसलो असतो तर असलं आखात मला सुचलं नसतं.

हिशेबही अवघड नाही. प्लेट वर्षाला ५ सेंमी सरकली तर एक कोटी वर्षांत ५०० किमी, सरळ रेषेत ठाण्याहून गोव्याच्याही पुढे. नखं साधारण याच वेगाने वाढतात.

तुमचं मत सांगा. विरोधी असेल तर जास्त आवडेल.

शाईपेन (ऐरोली)

मी विरोधी बाजूची.

मी दीर्घकथा लिहिते आणि तिच्यासाठी नकाशा काढते. तुमच्यासारखीच सुरुवात मीही केली होती. एक अख्खं वर्ष प्लेट्स आणि त्यांच्या सीमा यांत गेलं. गोष्टीचं एक पानही लिहून झालं नाही. एक सीमा हलवली की तिच्या मागची सगळी कामं पुन्हा करावी लागत. शेवटी ते बाड कपाटात ठेवलं आणि एका संध्याकाळी घाट, घाटाखाली गाव आणि गावापलीकडे खाडी एवढंच काढलं. त्या रात्री पहिलं प्रकरण लिहून झालं.

दुसरं, त्या जगातल्या माणसांना प्लेट्स ठाऊक नसतात. आपल्याकडे कोकण कसं झालं? परशुरामाने सह्याद्रीवरून बाण सोडला, समुद्र मागे हटला आणि जमीन मोकळी झाली. आजी सांगायची तेव्हा तो बाण मला दिसायचा. भूगोल लोकांच्या तोंडी येतो तो असा. लेखकाने तिथे उभं राहून बघायला हवं, समुद्राच्या तळाशी नव्हे.

आणि खरी पृथ्वी तरी तुमच्या कसोटीला उतरते का? गोदावरी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उगम पावते. पश्चिमेचा समुद्र तिथून जेमतेम ८० किमी. ती मात्र पाठ फिरवून १,४६५ किमी चालत बंगालच्या उपसागराला जाते. हीच नदी मी माझ्या नकाशात काढली असती तर तुमच्यापैकीच कुणीतरी "अशक्य" म्हणून खोडली असती.

नाणेघाट (ठाणे पश्चिम)

शाईपेन, गोदावरीचं उदाहरण फार नेमकं काढलंत. पण माझ्या मते ते तुमच्या बाजूने साक्ष देत नाही. मी भूशास्त्र शिकलेय, शिवाय दर पावसाळ्यात डोंगरात असते, त्यामुळे इथे थोडं लांबवते.

हौशी नकाशांत सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे डोंगर फक्त प्लेट्स धडकतात तिथेच काढायचे. सह्याद्री तसा झालेला नाही. हिमालय टकरीचा आहे. आपला कडा हा फाटलेल्या जमिनीचा काठ. भारत मादागास्करपासून सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी सुटला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थरावर थर वाहिला आणि त्यानंतर थोड्याच काळात पश्चिमेला सेशेल्सचा तुकडा वेगळा झाला. मागे उरली उंच कड आणि पूर्वेकडे कललेलं पठार. पुढे पावसाने ती कड कुरतडत पूर्वेला मागे सरकवली. पाण्याला पूर्वेचाच उतार मिळाला, म्हणून गोदावरी, भीमा, कृष्णा सगळ्या तिकडे वळल्या. हा इतिहास माहीत असलेला माणूस गोदावरी खोडणार नाही. खोडेल तो "डोंगर म्हणजे टक्कर" एवढंच पाठ केलेला.

याच्या खुणा आपल्या दाराशी आहेत. माथेरानला एखाद्या पॉइंटवरून समोरचा कडा बघा, थर पट्टी लावून आखल्यासारखे आडवे दिसतात. तेच थर समुद्राच्या बाजूला, पनवेलच्या पट्ट्यात, पश्चिमेकडे कलतात. त्याला पनवेलची वाक म्हणतात. जमीन जिथे ताणली गेली, वाकली आणि खचली, ती जागा. रोज त्यावरून लोक कामाला जातात.

खाडीकाठ, तुमच्याशीही एक भांडण आहे. तुमच्या गोलावर सगळं नाट्य प्लेट्सच्या कडांवरच घडतंय असं वर्णनावरून वाटतं. किल्लारी १९९३ आणि कोयना १९६७ हे दोन्ही भूकंप प्लेटच्या पोटात झाले, कडेपासून खूप दूर. जुन्या भेगा मरत नाहीत. पळस आणि खैर पूर्वी कधी जोडले गेले असतील तर तो सांधा आखून ठेवा.

शाईपेन (ऐरोली)

नाणेघाटताई, उत्तर आवडलं. पण बघा, तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत. नदी आधी होती, लोकांनी ती पाहिली, कारण मागाहून सापडलं. जर्मन शास्त्रज्ञ वेगेनरने १९१२ साली खंडवहन, म्हणजे खंड सरकतात हे म्हणणं, मांडलं, तेव्हा त्याच्यापुढे काय होतं? एकमेकांत बसणारे किनारे, दोन्हीकडचे सारखे जीवाश्म. खंड कशाने सरकतात ते त्याला समाधानकारक सांगता आलं नाही. १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फात त्याचा मृत्यू झाला आणि जगाने त्याचं म्हणणं मानलं ते १९६० च्या दशकात, समुद्रतळाचा अभ्यास झाल्यावर. म्हणजे नकाशा आधी, कारण नंतर. मग मी तरी उलट क्रमाने का जाऊ? मी घाट काढीन. कुणी विचारलंच तर कारण शोधीन.

जुईनगरची बाई (नवी मुंबई)

मी शाळेत भूगोल शिकवते. दोन्ही बाजूंशी माझा मतभेद आहे.

खाडीकाठ, किती मागे जायचं याला सीमा घाला. पृथ्वीवरच्या महासागरांचा तळ सतत नवा होतो आणि जुना गर्तांमध्ये, म्हणजे समुद्रतळावरच्या खोल लांबट खड्ड्यांमध्ये, गिळला जातो, त्यामुळे २० कोटी वर्षांहून जुना तळ जवळजवळ उरलेलाच नाही. समुद्रासाठी तेवढा इतिहास पुरे. आणि डोळ्यांना जे जग दिसतं त्यातलं निम्मं काम वारा-पाण्याचं असतं. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर त्याच जिल्ह्यात पूर्वेला माण तालुका दुष्काळी. मधलं अंतर एका दिवसात जाऊन येण्याजोगं. प्लेट्स सव्वा वर्ष आणि वारे दोन संध्याकाळ, असं वेळापत्रक असेल तर जग अर्धंच खरं होईल. वर्गात मुलांना मी मोसंबीवर पेनाने खंड काढायला लावते, आणि त्यानंतरचा पहिला प्रश्न असतो: वारा कुठून येतोय?

पाऊलवाट_खारघर

एक व्यावहारिक सूचना. जीप्लेट्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, भूशास्त्रज्ञ वापरतात तेच. गोलावरचं फिरणं ते स्वतः सांभाळतं. चौकोनी कागदावर तुकडे सरकवले तर ध्रुवाकडचे खंड विनाकारण ताणले जातात. आखात उघडायला टाचणी छान, पण सहा प्लेट्स एकाच वेळी फिरवताना हाताने निभत नाही.

खाडीकाठ (कळवा)

पाऊलवाट, सॉफ्टवेअर आजच उतरवून घेतो. बाई, वाऱ्याचा मुद्दा मान्य, माझी वही त्या बाबतीत कोरीच आहे. नाणेघाटताई, जुना सांधा मी खरंच आखला नव्हता. काल रात्री आखला. तो खैरच्या मधोमध गेला, जिथे मी सगळ्यात सुरक्षित शहर वसवलं होतं.

शाईपेन, वेगेनरचा दाखला मनात घोळत राहिला. पण त्याच्यापुढे होती ती घडून गेलेली पृथ्वी. कारण त्याला माहीत नसलं तरी ते अस्तित्वात होतं, म्हणूनच किनारे जुळले आणि जीवाश्म जुळले. माझ्या कोऱ्या कागदावर काहीच घडलेलं नाही. मागाहून कारण शोधलं तर घाटाला एक सबब मिळेल, खाडीला दुसरी, ज्वालामुखीला तिसरी. त्या सबबींची एकमेकींशी ओळख नसेल.

प्लेट्स त्यांची गाठ बांधतात. खैरच्या पश्चिमेला समुद्राची प्लेट खाली जाते असं ठरवलं, तर किनाऱ्यापुढे गर्ता आली, आत शे-दोनशे किमीवर ज्वालामुखींची ओळ आली. अँडीज पर्वतात तांबं सापडतं ते अशाच ठिकाणी, म्हणून माझ्याकडेही त्या ओळीत खाणी आल्या, खाणींमागे वस्ती आली आणि बंदराला भूकंपाची भीती आली. ठरवली होती मी एकच गोष्ट.

आणि तुमच्या कामाची एक चीज. पळस आणि सावर एकेकाळी चिकटलेले होते. फाटण्याआधी तिथे काळ्या दगडाचे थर साचले होते. आज मधे मोठं आखात आहे, लोक वेगळे, भाषा वेगळ्या. पण दोन्हीकडच्या घरांत जातं एकाच दगडाचं आहे, त्याच बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं. आखात ओलांडून गेलेली एखादी बाई परक्या घरात दळायला बसली की तिला ते हाताला कळेल. माझ्याकडे तिची गोष्ट नाही, फक्त दगड आहे.

शाईपेन (ऐरोली)

ते जातं मला द्या. अगदी मनापासून मागतेय.

क्रमाबद्दल माझं मत मात्र तेच आहे. ते जातं तुम्हाला सव्वा वर्षाने सापडलं. तेवढा वेळ ज्याच्याकडे नाही त्याने लिहूच नये का? नवीन लिहिणाऱ्या मुलामुलींना "आधी प्लेट्स" म्हणून सांगाल तर त्यातली बरीच वाटेतच थांबतील. मला त्यांची काळजी वाटते. मी घाट माझ्या जागेवरून हलवणार नाही.

एकच विचारायचं आहे. घाटाखालच्या माझ्या गावात गरम पाण्याचं कुंड आहे. बाळंतिणीला तिथे नेतात. पण जवळपास ज्वालामुखी नाही आणि मला तो आणायचाही नाही. कुंड काढून टाकावं लागेल का?

नाणेघाट (ठाणे पश्चिम)

मुळीच नको. आपल्या वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीच्या कुंडांजवळ तरी कुठे जिवंत ज्वालामुखी आहे? पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. तुमचा घाट फाटलेल्या काठावरचा असेल तर पायथ्याशी भेगा असणारच. फक्त एक कुंड काढू नका. अकलोलीला तानसा नदीच्या काठाने कुंडं आहेत, नदीच्या पात्रातही गरम पाणी लागतं. भेग एका रेषेत जाते, तेव्हा त्या रेषेवर अजून दोन-तीन ठिकाणी पाणी वर येऊ द्या. बाळंतिणीचं कुंड त्यातलं गावाजवळचं ठेवा.