परुशी वाईट, आणि आपण?

'स्वतःला कस्पटासमान मानणं म्हणजेच नम्रता' असं कुणी म्हणतं, ते मला अर्धंच पटलं. संत बेनेडिक्टने ख्रिस्ती मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीत नम्रतेच्या 12 पायऱ्या आहेत, त्यात ही 7वी. पहिली देवाचं भय. थेट सातवीवर उडी मारली की नजर स्वतःवरच खिळते. बायबलमध्ये लूक 18मधल्या दाखल्यातला परुशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी) उपास करतो, दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) देतो; घोळ होतो तो 'मी या जकातदारासारखा नाही' अशी पापी समजल्या जाणाऱ्या करवसुली करणाऱ्याशी तुलना केल्यावर. (आणि आपण वाचून म्हणतो, बरं झालं, मी परुश्यासारखा नाही!)

आमच्या नवापूरकडच्या मंडळीत (चर्चमध्ये) एक आजी उपासनेनंतर सतरंज्या झटकून घड्या घालतात. पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) चारचौघांत कौतुक केलं, तर म्हणाल्या, "हो, आवडतं मला. तिकडचं टोक धरा जरा." कौतुक नाकारायचं नाटकसुद्धा नाही.