कंपनीचे शॉकअप रोजच्या वापराला पुरतात की नाही, कसं ओळखायचं?

ठाकूरव्हिलेज_१५०:
मंडळी, १५० सीसीची साधी बाईक आहे, रोज कांदिवली ते पवई, हायवेने येऊन जोगेश्वरीला जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) पकडतो. माझं वजन ८६ किलो, पाठीवर लॅपटॉपची बॅग, येताना बायको डबलसीट. पेव्हर ब्लॉकच्या पट्ट्यावर आणि फ्लायओव्हरच्या जॉइंटवर मागून असा दणका बसतो की ती माझा खांदाच आवळते, तिला आधीच कंबरेचा त्रास आहे म्हणून जास्त जिवाला लागतं. गॅरेजवाला म्हणतो गॅसचे शॉकअप टाका. खर्चाचं काही नाही, पण स्टॉक, म्हणजे कंपनीचेच शॉकअप, खरंच कमी पडतायत का हे आधी कळायला हवं ना?

मुलुंडचा_पाना:
आधी सॅग मोज, म्हणजे तू बसल्यावर बाईक किती खाली दबते ते. बाईक मेन स्टँडवर, मागचं चाक अधांतरी, एक्सलच्या नटापासून सरळ वर सीटखालच्या एखाद्या खुणेपर्यंत टेप लाव. मग स्टँड काढून बॅगसकट बस, पाय फुटरेस्टवर, एकाने हँडल धरायचं, दुसऱ्याने तेच अंतर परत मोजायचं. जो फरक येईल तो तुझा सॅग, चाकाच्या एकूण ट्रॅव्हलच्या (चाक वर-खाली जास्तीत जास्त जितकं हलू शकतं त्याच्या) साधारण ३० टक्के असावा, म्हणजे ट्रॅव्हल ११० मिमी असेल तर ३३-३५ मिमी. फक्त ब्रोशरमधला आकडा चाकाचा आहे की शॉकअपचा ते बघून घे, दोन्ही वेगळे असतात. सॅग जास्त आला तर सी-पान्याने (शॉकअपची रिंग फिरवायचा पाना) प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, एकेक खाच वाढव. आणि प्रीलोडने स्प्रिंग कडक होते असं सगळे सांगतात ते चूक आहे, स्प्रिंग तीच राहते, बाईक फक्त वर उचलली जाते आणि खाली बसायला जागा मिळते.

डबलसीट_दादर:
त्याच्याही आधी हवा बघ, सकाळी टायर थंड असताना. बऱ्याच १५०च्या गाड्यांना मागे एकट्याला २८ आणि डबलसीटला ३२ पीएसआय असते, तुझ्या गाडीवरचा स्टिकर वाच. पंपावर न विचारता ४० मारतात, मग बारीकसारीक गचका थेट पाठीत आणि शिव्या शॉकअपला.

फोर्कऑइल:
पुढच्या फोर्कच्या (पुढच्या चाकाच्या शॉकअपच्या) चकचकीत नळीला ऑइल सीलला चिकटून झिपटाय बांध आणि नेहमीच्या रस्त्याने ऑफिसला जा. टाय पार वर टेकला तर फोर्क तळाला लागतोय, अर्ध्यातच राहिला तर कडक आहे. मागे सीट जोरात दाबून सोड, एकदा वर येऊन थांबली तर डॅम्पिंग (उसळी थांबवायची ताकद) ठीक, होडीसारखी हलत राहिली तर शॉकअप संपलेत. गॅसवाल्यात नायट्रोजन असतो तो सलग खड्ड्यांत तापलेल्या ऑइलला फेस येऊ नये म्हणून, स्प्रिंगच वजनाला कमी असेल तर त्याने फरक पडणार नाही.

ठाकूरव्हिलेज_१५०:
मोजलं. हवा बरोबर केली. ट्रॅव्हल ११० आहे, एकट्याने सॅग ४६ येत होता, दोन खाचा वाढवल्यावर ३६, आता जॉइंटवर चक्क फरक जाणवतो. पण बायको बसली की शेवटच्या खाचेवरही ५२, आणि मोठ्या स्पीडब्रेकरला खाली टेकतेच.

मुलुंडचा_पाना:
मग एकट्यासाठी स्टॉक चांगले आहेत, डबलसीटला स्प्रिंग कमी पडतेय. शॉकअप घेताना गॅस आहे का हे नंतर, आधी दोघांचं मिळून वजन सांग आणि त्याला कुठली स्प्रिंग बसते ते विचार, दुकानदाराला सांगता आलं नाही तर दुसरं दुकान बघ. तोवर वहिनी असताना स्पीडब्रेकरच्या बऱ्याच आधी ब्रेक लाव आणि चढताना सोडून दे.